शेवटचे तीन रिव्हेट

एमिल हुदाकच्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिलीच नाही. गाडी बिचारी बावीस वर्षं ओहायोच्या बर्फात आणि उन्हात अंगणात गंजत पडली, आणि आत उबेत लोखंड सुखाने नांदलं. डोरीन, त्याची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "या घरात लोखंडाला छप्पर आहे. मला आहे, तेसुद्धा चुकून." एमिलला हा विनोद वाटत नसे. त्याला फारशा गोष्टी विनोद वाटत नसत.

दर शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला गॅरेजचं शटर वर जाई आणि गावातले सातआठ जण आपापली खोकी घेऊन हजर होत. खोक्यात काय, तर पोलंड, रुमानिया, सर्बिया अशा कुठल्या कुठल्या फौजांनी मोडीत काढलेल्या रायफली. तिकडे त्यांचा मधला सांगाडा कापून टाकत आणि बाकीचे तुकडे कागदात गुंडाळून इकडे विकायला पाठवत. इथले हौशी लोक नवा सांगाडा आणत, त्यावर ते तुकडे बसवत, रिव्हेट, म्हणजे चेपून बसवायचे जाड खिळे, मारत आणि मेलेली रायफल पुन्हा उभी करत. कुणी मासे पकडतं, कुणी लाकडी बदकं कोरतं, यांना हा नाद. तुकडे येत ते चाळीस वर्षांच्या ग्रीसमध्ये लडबडलेले. एकदा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी एमिलने ते ग्रीस वितळवायला डोरीनचा ओव्हन वापरला. दुसऱ्या दिवशी डोरीनच्या आईने टर्कीचा एक घास घेतला, सावकाश चावला आणि विचारलं, "ही टर्की कुठल्या फौजेत होती?" ही गोष्ट त्या गावात अजून सांगतात.

गॅरेजात नियम एकच. ज्याची रायफल, त्याचा हात. रिव्हेट चेपायचा प्रेस एमिलचा, हत्यारं एमिलची, अक्कल एमिलची, पण प्रेसचा दांडा ओढायचा तो ज्याची रायफल त्यानेच. कायदाही असाच आहे, स्वतःसाठी बनवा, दुसऱ्यासाठी बनवायचं तर परवाना काढा, असं एमिल नव्या माणसाला बजावायचा. पण कायदा नसता तरी त्याने हाच नियम केला असता. एकतीस वर्षं त्याने पत्रा ठोकणाऱ्या कारखान्यात साचे बनवले होते आणि दुसऱ्याने बिघडवलेलं काम निस्तरण्यात त्यातली निम्मी गेली होती. म्हणून शिकवताना तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राही आणि नुसत्या तोंडाने काम करून घेई. "ओढ. अजून. अजून थोडं. आता थांब. अरे थांब म्हणतोय ना गाढवा!" माणसं शिव्या खात आणि शिकत. शिकत मात्र खरोखर.

रायफल पुरी झाली की एमिल ती हातात घेऊन वरपासून खालपर्यंत तपासे. पास झाली तर पितळेची एक छोटी पट्टी घेई, लोखंडी ठशांनी तिच्यावर रायफलचा नंबर ठोकी आणि पट्टी प्रेसच्या वरच्या फळीवर लागे. रायफल ज्याची त्याची, पण पट्टीवरचे ठसे फक्त एमिलचे. ओळीने, सरळ, सारखेच खोल. फळीवर अठ्ठ्याण्णव पट्ट्या होत्या आणि एकीवरही आकडा वाकडा नव्हता. त्याची स्वतःची आणखी एक खूण होती. स्वतःच्या रायफलीत रिव्हेट दाबून झाला की तो काम किंचित फिरवी आणि दांडा पुन्हा एकदा, हलकेच, ओढी. त्याने रिव्हेटच्या डोक्यावर केसाएवढी बारीक गोल रेघ उमटे. त्याचा काही उपयोग नव्हता. कारखान्यात लागलेली सवय होती. पण माणसं तिला 'एमिलची कडी' म्हणत आणि एमिलला ते कळत नाही असं एमिल दाखवी.

हे सगळं ज्याच्यासोबत सुरू झालं तो वेंडल प्रुइट. कारखान्यात एकतीस वर्षं एमिलच्या शेजारच्या मशीनवर उभा राहिलेला माणूस. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारातून हा प्रेस दोघांनी मिळून काढला, वेंडलच्या ट्रकमधून आणला आणि गॅरेजात उतरवताना वेंडलने कंबर मोडून घेतली. शनिवारी शटर उघडायच्या आधी तो आलेला असायचा. डोरीन आणि त्याची बायको लोर्ना चर्चच्या तळघरात शेजारी बसून पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरायच्या, आणि दोघींच्या नवऱ्यांची जेवढी म्हणून टवाळी करता येईल तेवढी करायच्या.

सहा वर्षांपूर्वी वेंडलला अर्धांगाचा झटका आला. माणूस वाचला, पाय सुधारला, उजवा हात मात्र मेल्यातच जमा राहिला. तो झटका आला तेव्हा त्याची एक रायफल अर्धवट होती. अर्धवट कसली, दोन रिव्हेट राहिले होते. चार महिन्यांनी, एका शनिवारी, तो ती घेऊन गॅरेजात आला. काम प्रेसमध्ये बसवलं, उजवा हात डाव्याने उचलून दांड्यावर ठेवला. हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

"एमिल," तो म्हणाला, "तू ओढू नकोस. ओढतो मीच. तू फक्त माझ्या हातावर हात ठेव. घसरतोय रे."

आठ माणसं बघत होती. एमिलचे हात पाठीमागे होते.

"हात चालत नसेल तर मासे पकड, वेंडल," एमिल म्हणाला. "इथे ज्याची रायफल, त्याचा हात."

कुणीतरी फिसकन हसलं. वेंडलने काम प्रेसमधून सोडवलं आणि एका हाताने तुकडे खोक्यात भरायला लागला. एका हाताने खोकं भरायला फार वेळ लागतो. कुणी पुढे झालं नाही. नियमच तो, पुढे कोण होणार? त्याचा ट्रक निघून गेल्यावर एमिलने पुढच्या माणसाला हाक मारली.

लोर्नाने पिएरोगी भरायला डोरीनशेजारी बसणं सोडलं. दोन वर्षांनी ती वारली, तेव्हा एमिल चर्चमध्ये मागे उभा राहिला, हात पाठीमागे, आणि दफनाआधी निघून आला. डोरीन त्या दिवशी वेंडलकडे कोबी-नूडल्सचं भांडं घेऊन एकटीच गेली. परत आल्यावर ती नवऱ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि एमिलला ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आणि या वर्षी वसंतात एमिलचा स्वतःचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कॉफीचा कप, मग चावी, मग शर्टाचं बटण. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. एमिलने ते घरी येऊन उच्चारलं नाही, आणि डॉक्टरांचा कागद आपण वाचला आहे हे डोरीनने उच्चारलं नाही. गॅरेजात कुणाला पत्ताच लागला नाही, कारण तिथे एमिलचे हात पाठीमागेच असायचे आणि वसंतापासून कुणाची रायफल पट्टीपर्यंत पोचली नव्हती. डावा उजव्याला मनगटात घट्ट पकडून ठेवी. जी सवय त्याचा तोरा म्हणून गावात ओळखली जात होती, तीच आता त्याची लाज झाकत होती.

त्याने ठरवलं, जायच्या आधी स्वतःची एक शेवटची रायफल करायची. फळीवरची नव्व्याण्णवावी पट्टी. पोलंडचं खोकं होतं, सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर असलेलं, आता मिळत नाही असं. माणसं दर शनिवारी विचारायची, "एमिल, तुमची कुठवर आली?" आणि तो म्हणायचा, "येईल." आठवडाभर एकटा असताना तो हळूहळू काम करी. हात शांत असेल अशी सकाळची पंधरावीस मिनिटं मिळत. त्यात पाच रिव्हेट बसले, पाचांवर कडी उमटली. सहाव्याला हाताने असा हिसका दिला की रिव्हेट तिरका चेपला. तो काढायला त्याला दोन दिवस लागले. तीन उरले होते, आणि सकाळची ती पंधरा मिनिटंही आता मिळेनाशी झाली होती.

एका गुरुवारी भर दुपारी त्याने गॅरेजच्या दारातून हाक मारली.

"डोरीन."

"काय जळलं?"

"काही नाही. जरा ये."

ती पिठाचे हात पुसत आली. एमिल प्रेसपाशी उभा होता. त्याचा हात दांड्यावर होता आणि दांड्यासकट थरथरत होता. लपवायचं त्याने सोडून दिलं होतं.

"माझ्या हातावर हात ठेव," तो म्हणाला. "आणि मी सांगतो तेव्हा ओढ."

डोरीन हलली नाही. "बावीस वर्षांत मी इथे झाडू मारायला आले तरी ओरडायचास," ती म्हणाली. "'कशाला हात लावू नकोस' म्हणून."

"आता लाव म्हणतोय ना."

"आणि नियम?"

"डोरीन, तू ठेवणार आहेस का हात?"

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. त्या नजरेत दया होती, पण नुसती दया नव्हती. मग तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तिचा हात गरम होता आणि पक्का होता. एमिलने सांगितलं तसं तिने ओढलं, सांगितलं तिथे थांबली. पहिला बसला, दुसरा बसला, तिसराही बसला. सरळ, स्वच्छ, बघत राहावेत असे. तिसरा बसेपर्यंत एमिलचं सगळं अंग घामाने भिजलं होतं, आणि दुसऱ्यांदा हलकेच ओढायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोरीनला तर असलं काही असतं हे ठाऊकच नव्हतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगू?" डोरीन म्हणाली. "ज्या एका बाईला सांगितलं असतं, तिला जाऊन चार वर्षं झाली." आणि ती आपल्या पिठाकडे गेली.

पट्टी त्याने शुक्रवारी एकट्याने ठोकली. बारा पट्ट्या वाया गेल्या, तेरावी बरी आली. वाया गेलेल्या बारा त्याने कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून कचऱ्यात खोल दाबल्या, वर बटाट्याची सालं टाकली.

शनिवारी गॅरेजात सणच होता. बोडनार भावांनी डोनट आणले होते. गॅरेट लिंडक्विस्ट, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, एमिलचा सगळ्यात एकनिष्ठ चेला, रायफल दोन्ही हातांवर तोलून धरून म्हणाला, "बघा रे बघा. एकाहत्तराव्या वर्षी! आणि कुणाचा हात लागलेला नाही." एमिल पाठीमागे हात बांधून उभा होता. त्याला वाटलं आता बोलावं. पण गॅरेटने टाळ्या सुरू केल्या, आणि टाळ्या ऐकायला त्याला आवडलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात अंगणात ट्रक थांबला. तो आवाज एमिलने सहा वर्षं ऐकला नव्हता, तरी पाठमोरा असतानाही त्याला कळलं कोणाचा ट्रक ते.

वेंडल आत आला. वाळला होता, पाय थोडा ओढत होता. डाव्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते बाकावर ठेवलं आणि चादर एका हाताने सोडली. तीच अर्धवट रायफल, आता पुरी झालेली.

"पुरी झाली," वेंडल म्हणाला. "घरी पायाने चालवायचा प्रेस केला. त्यातच दोन वर्षं गेली. बाकीची या डाव्याला अक्कल शिकवण्यात. पट्टी घ्यायला आलोय."

बोडनारांपैकी धाकटा खाली डोनटकडे बघत राहिला. सहा वर्षांपूर्वी फिसकन हसलेला तोच.

एमिलला ती तपासणं भाग होतं. त्याने रायफल बाकावरून उचलली नाही, वाकून, हात मागेच ठेवून, नुसत्या डोळ्यांनी बघितली. माणसांना वाटलं, राग अजून गेला नाही. एखादा दोष सापडता तर त्याला बरं वाटलं असतं. शोधला त्याने, मनापासून शोधला. दोष नव्हता.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"तुझीही झाली म्हणे," वेंडल म्हणाला. "बघू?"

गॅरेटने मोठ्या कौतुकाने पुढे केली. वेंडलने ती बाकावर आडवी ठेवून डावा अंगठा रिव्हेटांवरून फिरवला. एकेक करून. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर अंगठा थांबला. मागे पाचव्यावर गेला, पुन्हा सहाव्यावर आला, मग सातव्यावर, आठव्यावर. एकतीस वर्षं एमिलच्या शेजारी उभा राहिलेला माणूस तो. त्याला डोळे मिटूनही कडी कळली असती, आणि कडी नसलेलीही. त्याने वर बघितलं. एमिलकडे बघितलं, मग एमिलच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे, आणि मग घराकडे उघडणाऱ्या दाराकडे. तिथे डोरीन कॉफीची किटली घेऊन उभी होती.

"सुरेख झालीय," वेंडल म्हणाला. "डोरीनलाही सांग."

गॅरेज हसलं. बायकोची थट्टा असेल अशा समजुतीने हसलं. एमिलचं तोंड मात्र राखेसारखं झालं.

"माझा नंबर चार चार सात एक," वेंडल म्हणाला. "ठोक."

"ठेवून जा. पुढच्या शनिवारी देतो."

"इथे पट्टी समोर ठोकतात, एमिल. अठ्ठ्याण्णव ठोकल्यास. मला घाई नाही. थांबतो मी."

आणि तो स्टूल ओढून बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर एमिलने त्याला हाकलून दिलं असतं, इतकं सोपं झालं असतं ते.

एमिलने हात पुढे आणले. गॅरेजातल्या माणसांनी ते कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाहिले. डाव्या हातात ठसा, उजव्यात हातोडी, आणि हातोडी हवेत अशी नाचत होती की बोडनारांपैकी थोरला आधी हसायला गेला आणि मग हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच अडकलं. पहिला चार पट्टीच्या कडेला गेला. दुसरा चार पहिल्यावर चढला. सातासाठी मारलेली हातोडी एमिलच्या अंगठ्यावर बसली, ठसा खाली पडला, बाकाखाली घरंगळत गेला. एमिल गुडघ्यावर बसून तो शोधायला लागला.

डोरीनने किटली खाली ठेवली आणि ती पुढे झाली. तिचा हात निम्म्यात पोचला असेल, तोच गॅरेटने तिला अडवलं. अगदी हळुवारपणे, आदराने.

"नको, मिसेस हुदाक," तो म्हणाला. "त्यांना आवडणार नाही. ज्याचं काम, त्याचा हात."

डोरीन थांबली. बाकाखालून एमिलने वर पाहिलं. वेंडल स्टुलावर बसून होता. त्याचा डावा हात एकदा गुडघ्यावरून उचलला गेला, खरंच उचलला गेला, डोरीनने पाहिलं. मग तो परत गुडघ्यावर गेला.

एमिलने उरलेले दोन आकडे ठोकले. सात उलटा पडला. एक एवढा तिरका की नुसता ओरखडा वाटावा. वेंडलने ती पट्टी उचलली, बाहीने पुसली, फळीवर शेवटच्या, म्हणजे एमिलच्या पट्टीशेजारी उजव्या खांद्याने दाबून धरली आणि डाव्या हाताने दोन खिळ्यांत ठोकून टाकली. ती मात्र सरळ बसली. मग त्याने रायफल चादरीत गुंडाळली. या खेपेला गॅरेट ट्रकचं दार उघडून धरायला पुढे झाला.

"येतो, डोरीन," जाताजाता वेंडल म्हणाला. एमिलला तो काही म्हणाला नाही.

एकेक करून माणसंही निघाली. कुणाला घरी कामं आठवली, कुणाला मुलांची मॅच. डोनट अर्धे उरले. गॅरेट सगळ्यात शेवटी गेला. जाताना त्याने एमिलच्या खांद्याला हात लावायला उचलला आणि मग, शिकवलेलं आठवून, मागे घेतला.

एमिल प्रेसजवळच्या स्टुलावर बसला. अंगठ्यातून रक्त येत होतं. डोरीनने ओलं फडकं आणून तो बांधला. मग एमिलने पक्कड घेतली, उठून आपली पट्टी उपटायला गेला. पक्कड खिळ्यावर टिकेना. चारदा घसरली. त्याने पक्कड डोरीनपुढे धरली. डोरीनने ती घेतली नाही.

"राहू दे ती तिथेच," ती म्हणाली. "दोन्ही राहू देत शेजारी."

एमिल परत बसला.

"परवा," तो म्हणाला, "तू हात ठेवलास, तेव्हा किती वेळ लागला?"

"तीन रिव्हेटांना? पाचसात मिनिटं. निम्मा वेळ तू ओरडण्यात घालवलास."

एमिलने मान हलवली. फळीवरच्या त्या वाकड्या पट्टीकडे तो बघत होता.

"त्याचे दोनच होते," तो म्हणाला.

"हो," डोरीन म्हणाली. "दोनच होते." आणि तिने शटर खाली ओढलं.